घोडा आधी, राजा नंतर : आने मारी कार्ल-नील्सन

शाडूमाती

लेकीच्या बाळंतपणासाठी साडेतीन महिने कोपनहेगनला राहून आले. तिकडे तान्ही बाळं दुपारी उघड्यावर, बाबागाडीत झोपवतात. थंडी असली तरी. पहिला आठवडा माझा जीव नुसता खालीवर होत होता. मग मी तोडगा काढला : झोपलेल्या नातीला घेऊन चालतच सुटायचं. गाडी थांबली की ती जागी होते, म्हणून थांबायचं नाही. अशी फिरत फिरत एकदा क्रिस्चियान्सबोर राजवाड्याच्या मागच्या मैदानात पोचले आणि थांबले. नात उठली, रडली, तरी मी थांबलेलीच.

वाळूच्या रिंगणात शाही तबेल्यातले दोन घोडे फिरवत होते. ते तिथे नेहमीच फिरवतात म्हणे. आणि त्याच मैदानात चौथऱ्यावर ब्राँझचा घोडा, वर राजा नववा क्रिस्चियन.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. 'बाई, घोडा काढून दाखवा ना' म्हणणारी पोरं प्रत्येक तुकडीत असतात, आणि प्रत्येक वेळी माझ्या घोड्याचे मागचे पाय कुत्र्याचे होतात. त्यामुळे घोड्याच्या बाबतीत मी जरा हळवी आहे. जिवंत घोडा शेजारी चालत असला की धातूचा घोडा सहसा उघडा पडतो. मान ठीक असते, आयाळ छान वळलेली असते, पण वजन कुठेच नसतं. इथे तसं नव्हतं. राजाला बाजूला काढून ठेवलं तरी काही बिघडलं नसतं, असा तो घोडा आहे.

संध्याकाळी जावईबापूंना विचारलं, हा घोडा कुणी केला? ते डॅनिश आहेत. म्हणाले, "तो? कार्ल नील्सनच्या बायकोनं." कार्ल नील्सन म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा संगीतकार, शंभर क्रोनरच्या नोटेवर होता. बायकोचं नाव मात्र त्यांना पटकन आठवेना. त्यांना कशाला हसू? माझ्या आजीचं माहेरचं नाव मलाही आईला विचारूनच कळलं होतं.

तर नाव आने मारी, माहेरची ब्रोदरसन. जन्म २१ जून १८६३. डेन्मार्कच्या जटलंड भागात कोल्डिंगच्या दक्षिणेला सनर स्टेनरुप नावाचं गाव आहे, तिथल्या मोठ्या शेतीवाडीवर ती वाढली. दारात घोडे, गाईगुरं, आणि अंगणात हवी तेवढी चिकणमाती. लहानपणापासून ती मातीची जनावरं करायची. ती वर्षाची व्हायच्या आतच डेन्मार्क प्रशियाविरुद्धच्या लढाईत मार खात होता. ती लढाई हरल्यावर नवी सरहद्द ठरली, ती तिच्या गावापासून फार लांब नव्हती. गंमत म्हणजे कलेचे पहिले धडे तिनं घेतले ते सरहद्दीपलीकडेच, श्लेस्विगच्या लाकूडकोरीव कामाच्या शाळेत.

१८८२ मध्ये ती कोपनहेगनला आली आणि ऑगस्ट साब्यू या शिल्पकाराकडे शिकू लागली. (रोसेनबोरच्या बागेत हान्स अँडरसनचा बसलेला पुतळा आहे तो याचाच.) कलेच्या शाही अकादमीत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. १८८८ मध्ये अकादमीनं बायकांसाठी वेगळी शाळा काढली, तीही बायकांनी अर्जविनंत्या करून करून काढायला लावली. यॉहाने क्रेब्स ही चित्रकार तिची प्रमुख झाली. आने मारी तिथे थोडा काळ जाऊन आली खरी, पण शाळा निघाली तेव्हा तिची कामं शार्लोटेनबोरच्या मानाच्या प्रदर्शनात लागून चार वर्षं झाली होती. म्हणजे शाळेचं दार उघडेपर्यंत ही खिडकीतून आत जाऊन बसलेली.

१८८९ ला पॅरिसचं जागतिक प्रदर्शन भरलं, आयफेल टॉवरवालं. तिथे तिच्या वासरांना ब्राँझ पदक मिळालं.

वासरं! इथे जरा थांबते. फ्रान्समध्ये प्राणिशिल्पाची थोर परंपरा होती, पण तिच्यात नखं, जबडे आणि झडपा फार. बारी या फ्रेंच शिल्पकाराचा वाघ सुसरीवर तुटून पडलेला असतो. बघणारा दचकला की शिल्पकार खूश. हिची वासरं कुणावर तुटून पडत नाहीत. गोठ्यात जी असतात ती तशीच आहेत. मला वाटतं तिला जनावराचं नाटक नको होतं, त्याचा कंटाळा चालत होता.

१८९१ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेली. मार्चच्या सुरुवातीला तिथे तिला एक तरुण डॅनिश व्हायोलिनवाला भेटला, दोन वर्षांनी धाकटा. १० मे ला फ्लॉरेन्सच्या इंग्रजी चर्चमध्ये लग्न. सव्वादोन महिन्यांत सगळं उरकलं. याद्या-बैठका नाहीत, मानपान नाही. तीन मुलं झाली : इर्मेलिन, आने मारी (हिला स्योस म्हणत) आणि हान्स ब्योर.

१९०३ मध्ये तिला अँकर शिष्यवृत्ती मिळाली आणि ती अथेन्सला गेली. अक्रोपोलिसच्या संग्रहालयात फार जुनी, रंगवलेली शिल्पं आहेत. आपल्या डोक्यात ग्रीक शिल्प म्हणजे पांढरंशुभ्र. मुळात ती रंगीत होती, आणि उत्खननातून वर आलेले रंग उडत चालले होते. त्या रंगांसकट नकला करायची परवानगी तिनं मिळवली. तिच्या कामातला एक नमुना म्हणजे तीन धडांचा राक्षस. खाली सापाची वेटोळी, वर तीन माणसं आणि तिघांनाही निळ्या दाढ्या. आठ-दहा वर्षांच्या कुठल्याही मुलाच्या वहीत शोभेल असा. ती शिडीवर उभी राहून मोजमापं घेते आहे आणि नवरा मागून अथेन्सला येऊन पोचतो आहे, हे चित्र मला फार आवडतं.

आता घोडा. नववा क्रिस्चियन १९०६ मध्ये वारला. त्याच्या अश्वारूढ पुतळ्याची स्पर्धा झाली आणि १९०८ मध्ये काम हिच्याकडे आलं. ती पंचेचाळिशीची. डेन्मार्कमध्ये एवढं काम त्याआधी कुठल्या बाईला मिळालं नव्हतं, आणि बायकांना तिथे संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळायलाच अजून सात वर्षं होती. पुतळ्याचं अनावरण १९२७ मध्ये झालं.

एकोणीस वर्षं. मधे एक महायुद्ध, मोडत आलेला संसार, आणि योग्य घोड्याचा शोध. त्यासाठी ती हॅनोव्हरजवळच्या सेले गावी जाऊन राहिली, तिथे सतराशे पस्तीसपासूनचं घोड्यांचं पैदास केंद्र आहे. राजाचा चेहरा फोटोवरून करता येतो. घोड्यासाठी घोड्याजवळच जावं लागतं, असं तिचं गणित असावं. मैदानात उभं राहिलं की ते पटतं.

बाकीचं प्रतिसादांत. नात उठली.

---

थालीपीठ

मी पहिली! सुरेख लिहिलंय. 'जनावराचा कंटाळा' हे फारच आवडलं. वाचनखूण साठवली.
एक शंका : एवढ्या मोठ्या कलावंत बाईंना सगळीकडे एकेरी? नवऱ्यालाही एकेरीच आहे म्हणून समानता धरू का?

शाडूमाती

थालीपीठ, सुरुवातीला 'त्यांनी' असंच लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत त्या सत्कार समारंभाच्या पाहुण्या वाटायला लागल्या. शिडीवर चढलेल्या बाईला अहोजाहो जमेना.

खिल्लार

धागा सहज उघडला आणि वासरापाशी आलो. आमच्याकडे बैल आहेत, चार पिढ्यांपासून. म्हणून सांगतो.

वासरू करणं बैलापेक्षा अवघड. बैलाला आकार असतो, वशिंड असतं, डौल असतो. चूक झाली तरी डौलात झाकली जाते. वासरू नुसतं सांध्यांचं असतं. पाय अंगापेक्षा मोठे, गुडघे जाड, कातडी सैल, आणि उभं राहिलं तरी कुठल्यातरी एका बाजूला कललेलं. गोठ्यात वाढल्याशिवाय हे हाताला येणार नाही.

एक साधी खूण सांगतो. गाय-वासरू बसल्याजागचं उठताना आधी मागचे पाय उचलतं, पुढचे गुडघे टेकलेलेच असतात. घोडं उलटं, आधी पुढचे पाय टाकतं आणि मग मागनं उठतं. शहरातला चित्रकार घोड्याला गाईसारखं उठवतो, आम्ही हसतो.

आणि ताई, तुमच्या घोड्याचे पाय कुत्र्याचे का होतात सांगू? मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो ना, तो गुडघा नाहीच. ती टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. घोडं कायम चवड्यावर, म्हणजे खरं तर एका बोटावर उभं असतं. हे डोक्यात ठेवून काढून बघा.

शाडूमाती

खिल्लार, एकतीस वर्षं! हे मला एकतीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?

स्वरलिपी

कार्ल नील्सनच्या सिंफन्या कॉलेजपासून ऐकतोय, त्यामुळे त्याच्या बाजूनं थोडं.

अथेन्सला तो बायकोच्या मागे गेला ते बरंच झालं. तिथल्या संगीत विद्यालयानं त्याला पियानो असलेली एक खोली दिली. ती दिवसभर संग्रहालयात, हा खोलीत. त्या वसंतात त्यानं 'हेलिओस' नावाची रचना लिहिली. एजियन समुद्रावर सूर्य उगवतो, माथ्यावर येतो, मावळतो, बारा-तेरा मिनिटांत. सुरुवातीला खालच्या पट्टीत नुसता लांबलेला सूर, मग हॉर्न हळूहळू एकमेकांवर चढत जातात. काळोखात ऐका, हेडफोन लावून. तिला शिष्यवृत्ती मिळाली नसती तर हे झालंच नसतं. संगीताच्या पुस्तकांत मात्र 'नील्सन १९०३ मध्ये ग्रीसला गेला' एवढंच असतं. का गेला ते कोणी लिहीत नाही.

साशंक

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला. १९०३ मध्ये मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा आठही नाही. आई-बाप दोघं अथेन्समध्ये. पुढे ती एकटी पुन्हा अथेन्सला गेली तेव्हा मुलं नवऱ्यावर. मग सेले. 'मोडत आलेला संसार' हे दोन शब्दांत उडवलंत, पण तो का मोडत आला? कलेसाठी सगळं माफ का? पुरुष कलाकाराबद्दलही मी हेच विचारलं असतं, हे आधीच सांगतो.

थालीपीठ

साशंक, विचारलं असतंत, पण विचारलंय का कधी? ;)

स्वरलिपी

मी वरती त्याच्या बाजूनं म्हणालो, पण इथे त्याची बाजू घेता येत नाही. बाई सेलेला घोडे बघत होत्या तेव्हा घरी मुलांना सांभाळायला जी होती, मारी म्योलर, तिच्याशी त्याचे संबंध होते, आणि बरीच वर्षं. ते १९१४ च्या सुमाराला उघड झालं. शिवाय लग्नाआधीचा एक मुलगा आणि १९१२ ची एक मुलगी, दोन्ही दुसऱ्या बायकांपासून. त्याच वर्षांत तो चौथी सिंफनी लिहितो आहे, 'अविनाशी' नावाची, शेवटी दोन नगारेवाले रंगमंचाच्या दोन बाजूंनी एकमेकांशी भांडतात ती. मी ती शंभरदा ऐकली असेल. हे कळल्यावर ऐकली तेव्हा नगारे वेगळे लागले.

शाडूमाती

साशंक, तुमचा मुद्दा झटकून टाकत नाही. मुलांना आईची आठवण आली नसेल असं कोण म्हणेल? पण मला दोन गोष्टी वाटतात.

एक. तिनं लपवून काही केलं नाही. लग्नाच्या वेळी ती पदक मिळालेली शिल्पकार होती आणि तो वाद्यवृंदातला दुसऱ्या फळीचा व्हायोलिनवाला. ती काम सोडणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती घरी असतानाही घर म्हणजे स्टुडिओच होता, मातीचे गोळे आणि ओली फडकी. मुलं त्यातच वाढली, आणि मधली स्योस पुढे चित्रकार झाली.

दोन. नवऱ्याचे संबंध उघड झाल्यावर तिनं काय केलं ते बघा. डोळे पुसत घर सांभाळत बसली नाही. वेगळी झाली, पुढे कायदेशीर विभक्तताही झाली. तो काही वर्षं स्वीडनमध्ये, गटेबोर्गला वाद्यवृंदाचा कार्यक्रम सांभाळत होता. आणि त्या मधल्या काळात, १९१५ पासून, तिच्याकडे फ्रेडरिक्सहोल्म कालव्याकाठचं घर होतं, राहायला आणि स्टुडिओला, मानानं दिलेलं. मान तिचा, त्याचा नाही. राजवाड्याच्या अगदी जवळ, म्हणजे आज घोडा उभा आहे तिथून बाबागाडी ढकलत पाच मिनिटं. मी मोजलंय.

१९२२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. का आले, ते त्या दोघांनाच माहीत.

आणि १९१६ मध्ये डॅनिश स्त्री-कलाकारांनी स्वतःची संघटना काढली, त्यातही ती होती. प्रदर्शनांच्या निवड समित्यांवर बायका बसाव्यात, हे त्यांच्या मागण्यांत होतं. साध्या गोष्टी.

उत्तरेचा वारा

ऑरहूसहून नमस्कार. इथे सहा वर्षं आहे. आधी उच्चार : 'आने मारी' बरोबर आहे, पण बाकीच्या नावांना मराठीत लिहायचं धाडस केल्याबद्दल साष्टांग नमस्कार. डॅनिश बोलायला तोंडात गरम बटाटा धरावा लागतो असं शेजारचे स्वीडिश म्हणतात, आणि बटाटा इकडे कमी नाही.

आता भर घालतो.

रीब हे डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं गाव. तिथल्या कॅथीड्रलला दक्षिणेकडून जे ब्राँझचं दार आहे ते आने मारीचं, १९०४ चं. त्याला लोक 'मांजरमुखी दार' म्हणतात, कारण मध्ययुगातलं जे सिंहाचं तोंड या दाराशी आहे ते सिंहापेक्षा बोक्यासारखं दिसतं. त्या जुन्या कारागिरानं सिंह बघितलाच नव्हता, बोका बघितला होता. खिल्लार यांचा मुद्दा आठशे वर्षं जुना आहे म्हणायचा. त्याच गावात जुन्या किल्ल्याच्या टेकाडावर राणी डॅगमारचा पुतळाही तिचाच, १९१३ चा. नावेच्या टोकाशी उभी असल्यासारखी ती राणी वाऱ्यात दिसते. तिथे वारा कधीच थांबत नाही, त्यामुळे शोभते.

कोपनहेगनला येणारा प्रत्येक मराठी पाहुणा मला ती छोटी जलपरी दाखवायला लावतो आणि 'एवढीशीच?' म्हणतो. ती एरिक्सन या शिल्पकाराची, १९१३ ची, शांत गोड मुलगी. आता आने मारीची जलपरी बघा, १९२१ ची. शाही ग्रंथालयाची काळी चकचकीत इमारत आहे ना पाण्याकाठी, तिच्याबाहेर तिचं ब्राँझ आहे. ही गोड वगैरे नाही. आत्ताच पाण्याबाहेर पडून दचकलेलं जनावर आहे. शेपूट खरोखर माशाची, ताकदीची. मी पाहुण्यांना आता तिथे नेतो आणि छोटी जलपरी परतीच्या वाटेवर दाखवतो.

शाडूमाती

'दचकलेलं जनावर'! अगदी. मला शब्द सापडत नव्हता. जलपरीलाही तिनं प्राणी म्हणूनच घडवलं.

भायखळा लोकल

अवांतर, पण राहवत नाही.

शाडूताई, हा तुमचा नववा क्रिस्चियन म्हणजे सातव्या एडवर्डचा सासरा! त्याची मुलगी अलेक्झांड्रा १८६३ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला दिली. आणि युवराज मुंबईला येऊन गेल्याची आठवण म्हणून १८७९ मध्ये ससूनसाहेबांनी त्याचा अश्वारूढ पुतळा दिला, तो म्हणजे आपला काळा घोडा. पुतळा बोअमनं केलेला. स्वातंत्र्यानंतर तो उचलून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला आणि चौकाला नाव राहिलं. आता चौकात नवा घोडा आहे, स्वाराविना.

म्हणजे सासरा कोपनहेगनमध्ये घोड्यावर आणि जावई भायखळ्यात घोड्यावर. आणि लोकांना दोन्हीकडे घोडाच लक्षात.

थालीपीठ

=)) आणि १८६३ हेच आने मारीचं जन्मसाल!

शाडूमाती

त्याहून पुढचं ऐका. क्रिस्चियन गादीवर बसला तोही १८६३ मध्येच, नोव्हेंबरात. ती पाच महिन्यांची होती. म्हणजे तिच्या जन्मापासून बेचाळिशीपर्यंत तिला दुसरा राजा माहीतच नव्हता. त्याचा चेहरा फोटोवरून करता येतो असं मी वर जरा उद्धटपणे लिहिलं, ते मागे घेते. तो चेहरा तिनं आयुष्यभर पाहिला होता.

ओतारी

धातू ओतण्याच्या धंद्यात आहे, मूर्ती आणि पुतळे. एकोणीस वर्षं वाचून काहींना आळस वाटेल म्हणून लिहितो.

अश्वारूढ पुतळा म्हणजे सगळ्यात वाईट हिशोब. दोन टनांचं धूड, आणि ते उभं कशावर, तर मनगटाएवढ्या पायांवर. आधी लहान मॉडेल. ते समितीला पसंत पडायला हवं. मग सळ्यांचा, लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पूर्ण मापात माती. घोड्याच्या पोटाखाली माती लटकवायची म्हणजे काय ते करणारालाच कळतं, रात्री खाली यायला बघते. रोज ओली फडकी गुंडाळायची. सुकली तर तडकते, थंड देशात गोठली तरी तडकते. मग प्लास्टरचा साचा, तुकड्यातुकड्यानं. साच्यातून प्लास्टरचा घोडा. त्यावर पुन्हा हात फिरवायचा. मग त्यावरून ओतकाम, तेही भागाभागांनी : मुंडकं वेगळं, पाय वेगळे, धड वेगळं, स्वार वेगळा. आत लोखंड. जोड जुळवायचे, घासून सपाट करायचे, आणि शेवटी रंग चढवायचा म्हणजे आम्ल मारून तापवायचं.

यात शिल्पकाराचं मन मातीच्या टप्प्यावर बदललं की सगळं पुन्हा. समितीचं मन बदललं की सगळं पुन्हा. त्यात महायुद्धात तांबं कोणाला मिळतंय? एकोणीस वर्षं जास्त आहेत, पण वेडेपणा नाही.

एक प्रश्न : बाई मातीवर स्वतः काम करत का? मोठ्या शिल्पकारांकडे हाताखाली माणसं असतात.

शाडूमाती

ओतारी, मदतनीस नसतील असं एवढ्या मापाच्या कामात शक्यच नाही, पण घडवणारा हात तिचाच. तुमचा 'रात्री खाली यायला बघते' हे वाचून शाळेतल्या गणपतीची सोंड आठवली. दरवर्षी दहीहंडीच्या आसपास एका तरी वर्गात सोंड खाली आलेली असायची.

नुसती वाचक

एरवी लिहीत नाही. पण डेन्मार्कमध्ये अशा आणखी कोणी होत्या का? की ही एकटीच?

उत्तरेचा वारा

होत्या ना. तिच्याआधीची ॲग्नेस लुन, १८५० चा जन्म, नव्वदी पार केली. ती चित्रकारही आणि शिल्पकारही, आणि दोन्हीकडे विषय प्राणीच. आणि नंतरची हेलन शाउ, १९०५ ते २००६, शंभरी पार. आमच्या ऑरहूसला कॅथीड्रलच्या चौकात दहाव्या क्रिस्चियनचा अश्वारूढ पुतळा आहे तो हेलनचा, १९५५ चा. रँडर्सला तिचाच 'जटलंडचा घोडा' आहे, ओढकामाचा दणकट घोडा, त्यावर कोणीच बसलेलं नाही. म्हणजे आजोबा क्रिस्चियन आणि नातवाचा मुलगा क्रिस्चियन, दोघांनाही घोड्यावर बसवलं बायकांनीच. मी या चौकातून रोज सायकलनं जातो. बघायला थांबलो होतो तुमच्या धाग्यानंतर.

उत्तरेचा वारा

(वरती चुकलं. दहावा क्रिस्चियन हा नवव्याचा नातू. नातवाचा मुलगा नव्हे. संपादनाची सोय द्या हो कोणीतरी.)

साशंक

मी पुन्हा वाचलं. माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, पण 'मोडत आलेला संसार' वाचून मी तिच्याकडे आधी बघितलं आणि त्याच्याकडे नंतर, हे खरं. शेवट काय झाला त्या दोघांचा?

शाडूमाती

साशंक, कार्ल ऑक्टोबर १९३१ मध्ये गेला, हृदयविकारानं. ती ६८ वर्षांची. त्याचं स्मारक करायचं ठरलं आणि ते तिनंच केलं. त्याचा पुतळा नाही केला, म्हणजे कोट घालून, हातात छडी घेऊन उभा असा नाही. तिनं घोडा केला. पुराणातला पंख असलेला पेगॅसस, पण याला पंखच नाहीत, आणि त्यावर पावा वाजवणारा उघडा तरुण. डिसेंबर १९३९ मध्ये त्याचं अनावरण झालं. ती ७६ वर्षांची, आणि चार महिन्यांनी जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं. ती गेली २१ फेब्रुवारी १९४५ ला, ते सैन्य शहरात असतानाच. देश मोकळा झाला मे महिन्यात.

परत यायच्या आदल्या दिवशी नातीला घेऊन ते स्मारक बघायला गेले. रस्ता रहदारीचा आहे, बस थांबा जवळच, लोक बसची वाट बघत घोड्याकडे पाठ करून उभे होते. पंख का काढले असतील यावर मी बराच वेळ विचार केला. जावईबापू म्हणतात संगीताला पंख दाखवायची गरज नाही, असा अर्थ असेल. लेक म्हणते तू उगाच अर्थ काढतेस. मला आपलं वाटतं, तिनं पंख असलेला घोडा कधी पाहिला नव्हता.

स्वरलिपी

नि:शब्द. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

खिल्लार

शेवटचं वाक्य पटलं. ताई, फोटो टाका ना दोन्ही घोड्यांचे. आमच्या वडिलांना दाखवायचेत, ते पाय बघून सांगतील किती खरा आहे ते. आणि पाय काढून बघितले का?

शाडूमाती

फोटो टाकायला जमत नाहीयेत, लेकीला रात्री विचारते.

पाय काढले. टाच वर, गुडघा पोटाशी, सगळं तुम्ही सांगितलंत तसं, डायपरच्या खोक्यावर पाच वेळा काढले. आता कुत्र्याचे नाहीत. बैलाचे झालेत.